पोराला फुटबॉलला घालताय? आधी खिशात शेंगदाणे घेऊन मैदानावर बसा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेसात वर्षांचा, राहायला कोल्हापुरात राजारामपुरीत, पण सासर शिवाजी पेठेतलं. आजोबा म्हणतात पोरगं पेठेच्या तालमीतच गेलं पाहिजे (आपल्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच), तुम्हाला फी घेणारी अकादमी बरी वाटते. बूट आत्ताच घ्यायचे का, पुढं अभ्यासाचं काय, आणि धाकटी पाच वर्षांची 'मला पण' म्हणून मागं लागली आहे तिचं काय करायचं.

मी पेठेतल्या एका संघाकडून अकरा हंगाम राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, खेळलो. गुडघा बोलायला लागला तेव्हा थांबलो. आता मुलगा सतरा वर्षांचा आहे, आणि गेली आठ वर्षं सकाळी लहान पोरांच्या सरावाला मी मदत करतो. खेळाडू, बाप आणि शिट्टी हातात असलेला माणूस, तिन्ही करून झालंय. त्यातून माझं एकच मत पक्कं झालंय. पोरगं अकरा-बारा वर्षांचं होईपर्यंत अकादमीचं नाव, जर्सी, कपाटातले चषक यातलं काही बघू नका. तासाभरात त्याचा पाय बॉलला किती वेळा लागतो, तेवढं बघा.

हे मला उशिरा कळलं. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला एका नावाजलेल्या ठिकाणी घातला. तीन महिने झाले तरी घरी येऊन तो फुटबॉलविषयी चकार शब्द काढेना. "काय केलंस आज?" "पळालो." एका शनिवारी मी मैदानाच्या कडेला बसलो. डाव्या खिशात खारे शेंगदाणे होते. ठरवलं, पोराचा पाय बॉलला लागला की एक शेंगदाणा डावीकडून उजव्या खिशात. पहिली वीस मिनिटं मैदानाला फेऱ्या. मग रांग: अठरा पोरं, एक गोल, एक बॉल. एकानं मारायचं आणि सतरा जणांनी कमरेवर हात ठेवून बघायचं. शेवटी मोठ्यांच्या मैदानावर नऊ-नऊची मॅच, बॉलसुद्धा मोठ्यांचा. दोन दांडगी पोरं बॉल घेऊन सुटायची आणि बाकीची मेंढरांसारखी त्यांच्या मागं. दीड तासानं उजवा खिसा मोजला तर अकरा शेंगदाणे. त्यातले दोन थ्रोचे, म्हणजे हाताचेच.

पुढच्या महिन्यात दुसरीकडं नेलं. बोर्ड नाही, जर्सी नाही. एक जुना खेळाडू, चुन्याची फक्की मारून आखलेले चार छोटे चौकोन, प्रत्येकात आठ पोरं आणि एक बॉल. चार विरुद्ध चार. गोलला दोन चपला. तिथं पंधराव्या मिनिटाला माझे शेंगदाणे संपले. त्या दिवशी घरी येताना पोरगं गाडीवर मागं बसून तोंडानं कॉमेंट्री करत होतं.

यात माझं काही शहाणपण नाही. भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ साली लहान मुलांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली तीही याच हिशोबावर: मैदान लहान, खेळाडू कमी. बॉलचंही तसंच. मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅम भरतो. तुमच्या पोरासाठी तीन नंबरचा, साधारण आठ-नऊ वर्षांनंतर चार नंबरचा, आणि तेरा वर्षांच्या पुढं पाच नंबरचा. सात वर्षांच्या पोराच्या पायात पाच नंबरचा बॉल देणारा कोच दिसला, तर त्याची बाकीची माहिती काढायच्या भानगडीत पडू नका.

आता आजोबांचं. ते चुकीचं बोलत नाहीत, एवढं आधी मान्य करा, घरात पण आणि मनात पण. कोल्हापूरचा फुटबॉल तालमीतूनच वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, या संघांच्या नावातच तालीम आहे. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या पोरांनी इथं फुटबॉल वाढवला, त्यामुळं इथलं पोरगं आधी पेठेचं असतं आणि मग फॉरवर्ड किंवा बॅक. तालमीचे फायदे अकादमीत पैसे देऊन मिळत नाहीत. फी नाही किंवा नावापुरती. मोठ्या खेळाडूचे लहान झालेले बूट आपोआप खाली येतात. पोरगं दोन दिवस दिसलं नाही की गल्लीतला कुणीतरी दादा दारात येऊन विचारतो, "काय झालं रं ह्याला?" माझ्या आयुष्यातली निम्मी माणसं मला या दारात येण्यानं दिलीत.

पण तालमीबरोबर ईर्षा येते. ईर्षेची मॅच हा शब्द बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही. शाहू स्टेडियम भरलेलं असतं, दोन पेठा आमनेसामने असतात, हलगी वाजत असते. मलाही तिथं उभं राहिलं की अजून अंगावर काटा येतो. त्याच गॅलरीतून आई-बहिणीवरून शिव्या येतात, बाटल्या येतात, आणि एखाद्या वर्षी मॅच अर्ध्यात थांबते. सात वर्षांच्या पोरानं पायाच्या आतल्या बाजूनं पास द्यायला शिकायच्या आधी कुठल्या पेठेचा राग करायचा ते शिकावं, हे मला पटत नाही. म्हणून मधला मार्ग सांगतो. सरावाला चांगला कोच असेल तिथं घाला, मग ती तालीम असो, शाळा असो की अकादमी. आणि मॅच बघायला मात्र आजोबांबरोबरच पाठवा. त्यांना सांगा, पोराला फक्त एक खेळाडू दाखवा, त्याच्याकडं बॉल नसताना तो काय करतो ते दाखवा. जुना माणूस हे कुठल्याही कोचपेक्षा चांगलं समजावतो. वातावरण तापायला लागलं की उठून यायचं, निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतोच.

आणि तुम्ही दोघं आई-बाबा सरावाला किंवा मॅचला गेलात तर गप्प बसा. राग मानू नका. कोच सांगतो "पास दे", कडेनं बाप ओरडतो "मार की रं!", आणि पोरगं बॉलवर पाय ठेवून दोघांकडं बघत बसतं. हा सीन मी शेकडो वेळा बघितलाय. पहिल्या दोन वर्षांत तो ओरडणारा बाप मीच होतो.

कोच कसा ओळखायचा? न सांगता जा आणि एक पूर्ण सराव बघा. महासंघाची कोचिंगची परवानापत्रं असतात, खालून ई, डी, सी असं चढत ए आणि प्रोपर्यंत. तुमच्या मुलाच्या वयाला ई किंवा डी केलेला माणूस पुष्कळ झाला, आणि विचारायला लाजू नका, खऱ्या कोचला राग येत नाही. पण कागदापेक्षा मी हे बघतो: सगळ्यात कच्च्या पोराचं नाव त्याला माहीत आहे का, आणि पोरगं चुकलं की तो काय करतो. फेऱ्या मारायला लावत असेल तर तो पोराला पळण्याचा कंटाळा शिकवतोय, फुटबॉल नाही.

हेडिंगचं, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचं, नक्की विचारा. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद आहे, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात ते शिकवत नाहीत. आपल्याकडं अजून "डोक्यानं मार, घाबरतोस काय" चालतं. तुम्ही स्पष्ट नाही म्हणा. डोक्याला डोकं किंवा गोलपोस्ट लागला, पोरगं गांगरलं, चक्कर म्हणालं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात जायचं नाही, आणि उलटी झाली किंवा झापड येत असेल तर थेट दवाखाना. आमच्या ओळखीच्या एका पोराला कोचनं तोंडावर पाणी मारून परत उतरवलं होतं. रिक्षात घरी येताना त्याला दोन उलट्या झाल्या. नशिबानं निभावलं, पण त्याच्या आईनं ती रात्र दवाखान्याच्या बाकावर काढली.

पुढं आठ ते तेराच्या दरम्यान टाच दुखते, दहा ते पंधराच्या दरम्यान गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखतं. दोन्ही वाढत्या हाडांची दुखणी आहेत, नाटकं नव्हेत. डॉक्टरांना दाखवून पळणं-उड्या कमी करायच्या, "खेळून जिरव" म्हणायचं नाही. माझा स्वतःचा गुडघा असाच जिरवला होता. आठवड्याला जेवढं वय तेवढे तास, याच्या वर संघटित सराव नको, आणि निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. गल्लीत तो खेळेल ते यात धरू नका, तो हिशोब कुणीच ठेवू शकत नाही.

खाण्याचं लांबवत नाही. सरावाच्या तासभर आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, नंतर भाकरी-आमटी, अंडं. रविवारी सरावाच्या आधी मिसळ नको, नंतर खुशाल. आणि दूध कट्ट्यावर समोर पिळून देतात ते धारोष्ण दूध आजोबा हौसेनं पाजणार, त्यांना सांगा घरी आणून उकळू दे.

आता जरा नाजूक विषय. २०१७ साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. पोरगं सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून घडलेलं. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. पण त्यानंतर प्रत्येक बापाला आपल्या पोरात अनिकेत दिसायला लागला, आणि ते स्वप्न विकणारेही आले. आठ वर्षांच्या पोराकडं बघून "ह्याला परदेशी ट्रायलला पाठवू, एवढे भरा" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. आणि कुणी "जन्मदाखला जरा दोन वर्षांनी ओढून घेऊ" म्हणालं तर तिथून पोराला त्याच दिवशी काढा. मला हे एकानं विचारलं होतं, चहा पीत, एकदम सहज. वयचोरी उघडकीला आली की बंदी पोरावर येते. शिवाय दोन वर्षं लहान पोरांना रेटून जिंकलेलं पोरगं, सगळे एका उंचीचे झाले की अडखळतं. उलट तुमचा मुलगा वर्षाच्या शेवटी जन्मलेला असेल तर तो काही वर्षं गटातला बारका राहील. वयोगट कॅलेंडरच्या वर्षावर पडतात, जानेवारीचा आणि डिसेंबरचा पोरगा एकाच गटात येतो. निवड झाली नाही म्हणून लगेच खचू नका.

अभ्यास: आपला हंगाम थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यात जातो, म्हणजे नेमका परीक्षांच्या उरावर. साडेसातव्या वर्षी याची चिंता नको. नववी-दहावीला लागेल ती माहिती आत्ताच ठेवा: दहावीला सवलतीचे क्रीडा गुण मान्यताप्राप्त स्पर्धांनाच मिळतात, गल्लीतल्या चषकाला नाहीत. म्हणून शाळा निवडताना ती शालेय स्पर्धेला आणि शाळांच्याच सुब्रतो कपला संघ उतरवते का, ते विचारून घ्या.

बाहेरगावी स्पर्धेला पाठवायची वेळ येईल तेव्हा सोबत कोण, झोपायची सोय कुठं, हे लेखी घ्या. कोच पोराशी एकट्याशी रात्री मोबाइलवर बोलत असेल तर कितीही मोठं नाव असो, थांबवा. काही वावगं वाटलं तर चाइल्डलाइनचा १०९८ नंबर आहे.

बुटांचं राहिलं. आत्ता घेऊ नका. पहिले दोन-तीन महिने शाळेचे कॅनव्हास चालतात. शिनपॅड, म्हणजे नडगीवर बांधायचं कवच, मात्र पहिल्या दिवसापासून. मॅचला नियमानंच सक्तीचे आहेत आणि साधे दोन-तीनशे रुपयांत येतात. बूट घ्याल तेव्हा रबरी बारीक स्टडचे घ्या, आपली मैदानं उन्हाळ्यात फरशीसारखी होतात. एक माप मोठे घेऊन बोळा कोंबायचा नाही, त्यानं घोटा मुरगळतो. पावसाळ्यात बहुतेक मैदानं बंदच धरा. गांधी मैदानावर पाणी कसं साचतं ते तुमच्या सासऱ्यांना विचारा. चिखलातून आलं की पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायची सवय लावा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना ते बघा.

धाकटीला त्याच दिवशी, त्याच चौकोनात घाला. या वयात मुलगा-मुलगी काही फरक नसतो, आणि आमच्याकडं पाच-सहा मुली आहेत त्यातल्या दोघी पोरांच्या पायातून बॉल काढून नेतात. पाच वर्षांची आहे म्हणजे पाऊण तास बास. फक्त दोघांना लेस बांधायला शिकवून पाठवा. माझ्या पोराला येत नव्हती. भर मॅचमध्ये लेस सुटली की तो बॉल तिथंच सोडून पूर्ण मैदान ओलांडून माझ्याकडं पळत यायचा आणि पाय पुढं करून उभा राहायचा. एकदा मी बांधत असताना मागं गोल झाला. "बांधा की पप्पा लवकर," एवढंच म्हणाला.