दात पांढरे करणाऱ्या पेस्ट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३४. ऑफिसात दिवसाला पाच-सहा कटिंग चहा होतात, त्यामुळे दात पिवळट झाले होते. गेले चार महिने दोन्ही वेळा व्हाइटनिंग पेस्ट वापरते आहे. पहिल्या महिन्यात फरक दिसला. आता मात्र गार पाणी प्यायले की डावीकडच्या सुळ्यात कळ जाते, तिथली हिरडीही वर सरकल्यासारखी वाटते, आणि दात पुन्हा पिवळे दिसू लागलेत. पेस्ट बदलू की बंद करू?
— एक वाचक, परळ

उत्तर : आजपासून बंद करा. कारण नीट समजून घ्या, नाहीतर पुढची पेस्टही तेच करील.

दात पांढरे करणारी बहुतेक पेस्ट दाताचा रंग बदलत नाही. चहा, पान, तंबाखू यांचा वरवर बसलेला थर ती घासून काढते. त्यासाठी तिच्यात सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते, काहींत डाग सुटे करणारी फॉस्फेटंही. तुमचा चहाचा थर पहिल्या महिन्यात गेला. त्यानंतर काढण्यासारखं काही उरलं नाही, पण घासणं चालूच राहिलं.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, टणक असतं. साध्या घासण्याला ते सहज बधत नाही. पण हिरडीजवळ ते अगदी पातळ होतं, आणि हिरडी सरकून मूळ उघडं पडलं की तिथे इनॅमल नसतंच. तिथे डेंटिन असतं. ते इनॅमलच्या मानाने बरंच मऊ, आणि रंगाने पिवळं. म्हणजे दात जितके जोरात घासाल तितका आतला पिवळा भाग पुढे येणार. तुमचे दात ‘पुन्हा’ पिवळे दिसतात ते बहुधा यामुळेच. कळ येते तीही इथूनच. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांच्यातला द्रव गार पाण्याने हलतो आणि आतल्या नसेला ते कळतं.

डावा सुळाच का? तुम्ही उजव्या हाताने ब्रश करत असाल. सुळा जबड्याच्या वळणावर असतो आणि सुरुवातीचा सगळा जोर त्याच्यावर पडतो. आरशासमोर उजेडात ओठ वर करून पाहा. हिरडीलगत नख अडकेल अशी आडवी खाच लागली, तर ती झीज आहे. ती भरून निघत नाही. खोल असेल तर दंतवैद्याकडून सिमेंट भरून घ्यावं लागतं.

पेस्ट किती खरखरीत आहे हे मोजायला आरडीए नावाचा आकडा आहे. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची कमाल मर्यादा २५०. ७० च्या आतली पेस्ट सौम्य समजतात. व्हाइटनिंगवाल्या सहसा त्याच्या बऱ्याच वर असतात. ट्यूबवर हा आकडा सहसा छापलेला नसतो, ही खरी अडचण. म्हणून साधा नियम धरा : मूळ उघडं पडलेलं असेल, कळ येत असेल, तर ‘व्हाइटनिंग’, ‘स्मोकर्स’, ‘चारकोल’ असं लिहिलेली ट्यूब घरात नको.

आता करायचं काय? ‘सॉफ्ट’ लिहिलेला ब्रश घ्या. ‘मीडियम’ नको, ‘हार्ड’ तर नकोच. पेस्ट वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट नको. ब्रश मुठीत न आवळता पेन धरतो तसा धरा, की जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत टेकवा, जागच्या जागी हलकेच हलवा आणि मग दाताकडे ओढा. दोन मिनिटं पुरेत. महिन्याभरातच ब्रशचे केस बाहेर वळत असतील, तर तुम्ही दात घासत नाही, भांडी घासताय.

पेस्ट ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे सोऱ्याची, घ्या. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून दिलीत तर काहीच होणार नाही. रात्री ब्रश झाल्यावर तीच पेस्ट बोटाने सुळ्याच्या कडेला लावा, फेस थुंकून टाका आणि चुळा भरू नका. लिंबू सरबत, कोकम सरबत, सोडा प्यायल्यावर दात आंबल्यासारखे वाटतात. त्या वेळी वरचा थर आम्लाने खरोखरच मऊ झालेला असतो. तेव्हा साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश लावू नका. महिन्याभरात कळ थांबली नाही, किंवा गरमानेही येऊ लागली आणि बराच वेळ टिकली, तर ती झीज नव्हे. कीड किंवा नसेचं दुखणं असू शकतं. एक्स-रे काढून घ्या.

चहाच्या डागांसाठी वर्षातून एक-दोनदा स्केलिंग (दंतवैद्याकडून दातांवरचं कीटण खरवडून घेणं) आणि पॉलिशिंग पुरतं.

प्रश्न : कोळशाची काळी पेस्ट नैसर्गिक, म्हणून निर्धोक, असं दुकानदार सांगतो. आमच्या आजीनेही जन्मभर राखुंडीच लावली.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : राखुंडी लावणाऱ्या पिढीच्या दातांच्या मुळाशी पडलेल्या खाचा दंतवैद्यांनी भरपूर पाहिल्या आहेत, त्यातून बोध घ्यायचा तर उलटा घ्यावा. कोळसा विष शोषतो हे खरं, पण पोटात, औषधाच्या मात्रेत. पेस्टमध्ये तो मुख्यतः घासायचंच काम करतो. दात त्याने कायमचे उजळतात याला भक्कम पुरावा नाही. शिवाय बारीक काळे कण हिरडीच्या कडेखाली आणि जुन्या सिमेंटच्या सांध्यात अडकतात. हसताना दिसणारी ती करडी रेघ नंतर ब्रशने निघत नाही.

त्याहून मोठा तोटा असा की, अशा पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. कीड रोखणारा घटक तोच. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक हजार भागांपेक्षा) जास्त फ्लोराइड घालता येत नाही आणि असेल तर आकडा ट्यूबवर छापावा लागतो. ट्यूब उलटी करून तो शोधा. नसला, तर ती खाली ठेवा.

प्रश्न : मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. वय २५. दात पिवळसर आहेत, आणि समोरच्या एका दाताला कॉलेजात असताना पडल्यामुळे कॅप बसवली आहे. पेरॉक्साइडची पेस्ट लावून तोवर दात पांढरे होतील का? की ब्लीच करावं? हिरड्या भाजतात असं ऐकलं.
— एक आई, मुलुंड

उत्तर : पेस्टने होणार नाही. पेरॉक्साइड दाताच्या आत शिरून रंग फोडतं हे खरं, पण त्याला वेळ लागतो, आणि पेस्ट तोंडात दोन मिनिटं असते. ती अर्धा तास तोंडात धरून बसायचा प्रयोग मुलीला करू देऊ नका, हिरड्या सोलवटतील.

ब्लीच करता येईल, पण क्रम चुकवू नका. कॅपचा आणि भरलेल्या सिमेंटचा रंग ब्लीचने बदलत नाही. म्हणजे बाजूचे दात उजळले की आज बेमालूम दिसणारी कॅपच पिवळी उठून दिसेल. तेव्हा सप्टेंबरात तपासणी आणि स्केलिंग करा. कीड असेल तर आधी ती भरून घ्यायची, कारण उघड्या किडीत ब्लीच गेलं तर जोराची कळ येते. ऑक्टोबरात ब्लीच. घरी करायच्या पद्धतीत दातांच्या मापाचा ट्रे बनवतात आणि त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल, एकेका दातामागे तांदळाच्या दाण्याएवढी, घालून रात्री लावतात, दोन-तीन आठवडे. ही जेल सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या तोडीची असते. क्लिनिकमध्ये ३५ टक्क्यांच्या आसपासचं वापरतात, म्हणून तिथे हिरडीवर आधी संरक्षक थर चढवावाच लागतो. हिरड्या भाजतात त्या हा थर नीट नसला किंवा ट्रेमधून जेल बाहेर आली की. जागा पांढरी पडते, चुरचुरते. थोडक्यात असेल तर एक-दोन दिवसांत बरी होते. गार-गरम लागणंही काही दिवस चालतं आणि थांबतं.

ब्लीच संपल्यावर दोन आठवडे थांबा. रंग तोवर जरा खाली येऊन स्थिरावतो, आणि दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे त्या काळात सिमेंट नीट चिकटत नाही. मग स्थिरावलेल्या रंगाला जुळवून नवी कॅप. म्हणजे नोव्हेंबर उजाडला. ब्लीच चालू असताना चहा आणि हळदीची आमटी जपून. वधूच्या हळदीला हरकत नाही!

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ब्लीच करत नाहीत, हे पुढे लक्षात असू द्या.

प्रश्न : जांभळी-निळी पेस्ट लावताक्षणी दात पांढरे दिसतात. त्यात ब्लीच असतं का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात ना, तोच प्रकार. निळा रंग दातावर पातळ बसतो आणि पिवळेपणा डोळ्यांना कमी भासतो. काही तासांत उतरतो. हिरड्यांना सहसा त्रास नाही. फोटोपुरतं ठीक.

प्रश्न : आईचं वय ६२. चाळीस वर्षं मशेरी लावते. दात काळे, हिरड्यांतून रक्त येतं. व्हाइटनिंग पेस्टने काळेपणा जाईल का? स्केलिंग केलं की दात हलतात म्हणून ती तयार नाही.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : हिरड्यांतून रक्त येत असताना खरखरीत पेस्ट नको. काळेपणाच्या खाली कीटण असणार. ते दगडासारखं घट्ट असतं, पेस्टने निघत नाही. स्केलिंगने दात हलत नाहीत. कीटणाने हिरडी आणि खालचं हाड आधीच खाल्लेलं असतं. दाताला ते कीटण गिलाव्यासारखं धरून ठेवतं, आणि निघालं की आधीचं हलणं जाणवतं. तसंच ठेवलं तर दात जाणारच.

१९९२ साली पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आली, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिथे कायदा पोचत नाही. म्हणून दातांच्या रंगाआधी आईचे गाल आणि ओठ आतून बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, किंवा स्वतःची तीन बोटं उभी आत न जाण्याइतकं कमी उघडणारं तोंड, यांपैकी काहीही दिसलं तर या आठवड्यातच दाखवा. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे तपासणी आणि स्केलिंग खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं. सकाळी लवकर निघा, रांग असते.

प्रश्न : ट्यूबच्या तळाशी हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे रासायनिक, हे खरं का?
— एक वाचक, दादर

उत्तर : खोटं. ट्यूब कुठे कापायची आणि चिकटवायची हे कारखान्यातल्या यंत्राला कळावं म्हणून ती खूण असते. पेस्टमध्ये काय आहे ते पट्टीच्या वर, बारीक अक्षरांत छापलेलं असतं, तेच वाचा.