पर्सेंटाइल एकदा, लाज तीनदा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चिरंजीवांचे सीईटीतले ८४ पर्सेंटाइल त्यात एकदाच आलेत. ‘चारचौघांत लाज वाटते’ हे मात्र तीनदा. मुलगा पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी पारंपरिक संगीत नाटकाच्या, गाण्याला हिप-हॉपचे बीट्स लावतो, चीनला जाऊन हेच शिकायचं म्हणतो, आणि तुम्ही त्याला विचारलंत, “बायकी आवाजात गाऊन नाच्या होणार का?” मार्कांचं बघू हो. मला घोर लागलाय तो या प्रश्नाचा.

तो ज्या ‘दान’ गायकीवर, म्हणजे स्त्रीभूमिकेच्या गायकीवर लुब्ध आहे, तिच्यातलं सर्वांत मोठं नाव मेइ लानफांग (१८९४–१९६१). पुरुषच. आपले बालगंधर्व त्याच काळातले. घरात आजोबांपासून नाट्यसंगीताचं वेड आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग बालगंधर्वांच्या पदांना मान डोलवायची आणि पोराला नाच्या म्हणायचं, हे कसं?

चुकतंय त्याचंही. एक क्लिप गाजली की करिअर झालं, असं त्याला वाटतं. २०२३ मध्ये हांगचौच्या चेन लीजुन या अभिनेत्रीची क्लिप चीनभर फिरली, तरुण पोरं युए ऑपेरा या दुसऱ्या चिनी संगीत नाटकाच्या तिकिटांमागे धावली. (युए ऑपेरात पुरुषांच्या भूमिकाही बहुतेक बायकाच करतात, ही बाईसुद्धा नायकच रंगवते.) पण ती शाळकरी वयापासून तालमीत होती. पेकिंग ऑपेरातही मुलं दहा-अकराव्या वर्षी तालमीला लागतात. रंगमंचावर उभं राहायला तुमच्या मुलाला उशीर झालाय, हे त्याला स्पष्ट सांगा. संगीत रचायला मात्र झालेला नाही.

तक्रारीसोबत तुम्ही पाठवलेली क्लिप ऐकली. पेकिंग ऑपेराच्या ‘याओबान’ प्रकारात खाली लाकडी ठेका भराभर चालतो आणि वर गाणारा सूर मोकळा सोडतो. चिरंजीवांनी तो सूर बीटमध्ये कोंबायला मधूनच कापलाय. कान चांगला आहे, पण मूळ चीज बसून ऐकलेली नाही.

जेएनयूत चिनी भाषेचं बी.ए. आहे, प्रवेश सीयूईटी या केंद्रीय प्रवेश परीक्षेतून. सोबत साउंड इंजिनिअरिंगचे कोर्सही बघा. चीनला जायचं, ते भाषा आल्यावर बोलू. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचा तर भरा, पण त्याला विचारून.

आधी त्याला ती क्लिप सूर न कापता पुन्हा करायला सांगा आणि शेजारी बसून ऐका. पुढचं पत्र त्याला लिहू द्या.