बेने इस्राएल कीर्तन : हिब्रू, ज्यू की इस्रायली?

प्रश्न असा आहे : बेने इस्राएल या कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजाच्या मराठी कीर्तनांची ध्वनिफीत ग्रंथालयात आली, तर तालिकेत (ग्रंथालयाच्या सूचीत) विषय काय लिहावा? 'हिब्रू संगीत', 'ज्यू संगीत' की 'इस्रायली संगीत'? आणि 'यहुदी' चालेल का?

'हिब्रू' आधी बाजूला काढा. ते भाषेचं नाव आहे, आणि ही कीर्तनं मराठी आहेत. १८८०च्या सुमारास मुंबईत हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर हा प्रकार रुजला. साकी, दिंडी, ओवी यांत कथा मात्र बायबलमधल्या अब्राहाम, योसेफ, मोशे यांची. मार्क नोंदीत (संगणकीय तालिकेच्या ठरावीक नमुन्यातल्या नोंदीत, जिथे प्रत्येक माहितीला क्रमांकाचं 'क्षेत्र' आणि त्यात अक्षराचं 'उपक्षेत्र' असतं) ०४१ क्षेत्राच्या डी उपक्षेत्रात गायनाची भाषा जाते. तिथे मराठीचा संकेत (एम-ए-आर) हवा. मध्ये हिब्रू पदही गायलं असेल तर डी उपक्षेत्र पुन्हा घेऊन हिब्रूचा संकेत (एच-ई-बी) द्यावा. विषयात 'हिब्रू' घातलं की मराठी कीर्तन शोधणाऱ्याला ही फीत सापडतच नाही.

'इस्रायली'ने घोटाळा आणखी वाढतो. तो शब्द १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्राचा. 'बेने इस्राएल'मधला इस्राएल म्हणजे बायबलमधला याकोब. 'बेने' म्हणजे '-चे पुत्र'. म्हणून लेखनातही फरक पाळावा : समाजासाठी 'इस्राएल', राष्ट्रासाठी 'इस्रायल'.

उरले 'ज्यू' आणि 'यहुदी'. अर्थ एकच, पहिला इंग्रजीतून आला, दुसरा अरबी-फारसीकडून. माझा कौल 'ज्यू'ला, तोही निव्वळ कामापुरता : 'यहुदी' आणि 'यहूदी' अशी दोन रूपं चालतात आणि तालिका दुभंगते. 'यहुदी पाहा ज्यू' एवढी उलटनोंद केली की पुरे. नुसतं 'ज्यू संगीत' मात्र फार ढोबळ. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांत समाज आधी आणि 'संगीत' हा उपविभाग नंतर येतो. त्याच चालीवर 'बेने इस्राएल – कीर्तन' लिहावं आणि जोडीला 'ज्यू – संगीत' द्यावं.

वर्गांकाकडून (विषयानुसार दिलेल्या अंकाकडून) मदतीची अपेक्षा नको. ड्यूई दशांश वर्गीकरणाच्या पाचव्या, म्हणजे वांशिक-राष्ट्रीय गटांच्या सारणीत ९२४ या एकाच अंकाखाली हिब्रू, इस्रायली, ज्यू तिघेही बसवलेत. लोकसंगीताच्या ७८१.६२ला तो जोडला की ७८१.६२९२४ होतो, पण तिन्हींतला भेद शब्दांनीच दाखवावा लागतो. ७८२.३६ हा उपासनाविधीतल्या ज्यू गायनाचा अंक. कीर्तन सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनामंदिराच्या) प्रार्थनाविधीचा भाग नाही, तेव्हा ते तिथे टाकू नये.

शीर्षकांतही उच्चार आडवा येतो. मलिद्याच्या (बेने इस्राएलांच्या आभारविधीच्या) वेळी म्हटलं जाणारं एलिया संदेष्ट्याचं स्तोत्र बेने इस्राएल लोकांत 'एलियाहू हन्नबी' असं लिहिलेलं आढळतं. आजच्या हिब्रू उच्चाराने ते 'एलियाहू हानवी' होतं. स्तोत्र एकच. वेष्टनावर जे छापलंय ते जसंच्या तसं मुख्य शीर्षकात, दुसरं रूप मार्क नोंदीच्या २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात.

लिपीवरून भाषा ठरवणं तर हमखास चुकतं. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषाही हिब्रू लिपीतच लिहितात. यिडिशमध्ये 'आयिन' हे अक्षर 'ए' स्वरासाठी वापरतात, म्हणून ते ओळीओळीत दिसतं. तसं दिसलं की हिब्रूचा संकेत देण्याआधी थांबा. आणि हसीदी या ज्यू भक्तिपंथाचं 'निगुन' घाईत 'निर्गुण' वाचू नका! ही बहुधा शब्दांविना गायची धून. तशी असेल तर भाषेच्या जागी 'भाषिक आशय नाही' हा झेड-एक्स-एक्स संकेत.

मुखपृष्ठावर हिब्रू साल (ज्यू पंचांगाचं वर्ष) असेल, समजा ५७०८, तर ५७०८मधून ३७६० वजा करून १९४८ येतं, पण ते वर्ष १९४७च्या सप्टेंबरातच सुरू झालेलं असतं. महिना छापलेला नसेल तर १९४७ किंवा १९४८ असं चौकटी कंसात लिहावं. हजाराचा आकडा गाळून नुसतं ७०८ दिलेलं असेल, तर १२४० मिळवा.