बायोसेन्सरवर प्रकल्प करताय? मग कच्च्या दुधापासून सुरुवात करा

अन्नसुरक्षेसाठीच्या बायोसेन्सरमध्ये, म्हणजे जैविक घटक वापरून अन्नातलं विष किंवा जंतू ओळखणाऱ्या उपकरणांमध्ये, सध्या कशावर संशोधन चाललंय आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पाला काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे दुधाचंच उदाहरण देते.

गायीने बुरशी लागलेली सरकी पेंड किंवा मका खाल्ला, की त्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी१ या बुरशीच्या विषाचं तिच्या यकृतात एम१ होतं आणि ते दुधात उतरतं. दूध उकळलं तरी ते जात नाही. आपल्याकडची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या दोनशे टँकरांत मिळून साधारण एक ग्रॅम! एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुने या मर्यादेबाहेर गेले होते. ज्या भेसळीची घरोघरी चर्चा होते, तिच्यामुळे असुरक्षित ठरलेले नमुने होते १२.

टँकर आला की आम्ही आधी पट्टी लावतो. पट्टीच्या चाचणीत सोन्याच्या नॅनोकणांना (अतिसूक्ष्म कणांना) जोडलेली प्रतिपिंडं, म्हणजे या विषाला चिकटणारी प्रथिनं, असतात. दुधात विष नसेल तर ती चाचणीच्या रेषेवर जाऊन बसतात आणि रेषा ठसठशीत लाल उमटते. विष असेल तर ती आधीच त्याला चिकटलेली असतात, म्हणून रेषा फिकी पडते. नवीन मुलं इथे हमखास उलटं वाचतात. शिवाय अर्धवट फिक्या रेषेवर दोघांची दोन मतं होतात आणि बाहेर टँकर थांबलेला असतो. म्हणूनच रंग मोजणारे रीडर, मोबाइलच्या कॅमेऱ्यावरचं वाचन आणि विद्युतप्रवाह मोजणारे छापील इलेक्ट्रोड यांवर एवढं काम चाललंय.

दुसरी दिशा अ‍ॅप्टामरची. हे डीएनए किंवा आरएनएचे छोटे धागे प्रतिपिंडांच्या जागी वापरता येतात. ते प्रयोगशाळेत रसायनांपासून बनवता येतात, त्यासाठी प्राणी लागत नाही. डीएनएचे अ‍ॅप्टामर उष्णताही बरी सोसतात. ज्या संकलन केंद्रावर फ्रीजचा भरवसा नाही, तिथे मला हे फार मोलाचं वाटतं.

जंतूंसाठी क्रिस्पर-कॅस१२ चा, म्हणजे जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या तंत्राचा, बोलबाला आहे. पण साल्मोनेला हा आजार पसरवणारा जंतू २५ ग्रॅम नमुन्यात एकही चालत नाही आणि सेन्सरवर जातात काही मायक्रोलिटर. तो एक जंतू नेमका त्याच थेंबात कसा येणार? म्हणून आधी रात्रभर जंतू वाढवावे लागतात. सेन्सर अर्ध्या तासात उत्तर देतो, पण आदल्या दिवसाचं काय? नमुन्यातून जंतू वेचून एकवटण्याची पद्धत मला सेन्सरपेक्षाही जास्त गरजेची वाटते.

तुम्हाला कळकळीने सांगते, बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात, किती कमी मात्रा पकडली या आकड्यामागे वर्ष घालवू नका. दुधातली फॅट आणि केसीन (दुधातलं प्रथिन) इलेक्ट्रोडवर बसली की तो सुंदर आलेख कोलमडतो. पहिल्याच महिन्यात कच्चं दूध आणा, त्यातही म्हशीचं, कारण त्यात फॅट जास्त. विषाची ठरावीक मात्रा मिसळून त्यातली किती परत सापडते ते बघा आणि तेच नमुने एचपीएलसीवर (घटक वेगळे करून अचूक मोजणाऱ्या यंत्रावर) ताडून पाहा. जवळच्या डेअरीत गेलात तर लिटरभर दुधाला कोणी नाही म्हणणार नाही.