उनकेश्वरच्या गरम पाण्याने सोरायसिस बरा होतो का?

तुमच्या वडिलांना बरीच वर्षं सोरायसिस आहे. नातेवाईक म्हणतात की उनकेश्वरला नेऊन महिनाभर ठेवा, गरम कुंडाच्या पाण्याने आंघोळ घाला, गोळ्या-मलमं बंद करा, आजार मुळापासून जाईल. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. वडिलांना अवश्य न्या, त्यांना बरं वाटेल. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका आणि मुळापासून जाईल अशी आशा त्यांना लावू नका.

मी फार्मासिस्ट आहे. नांदेडला आमचं मेडिकल आहे आणि माहेर किनवट तालुक्यातलं, त्यामुळे उनकेश्वर लहानपणापासून पाहत आले आहे. पैनगंगेच्या काठचं गाव, महादेवाचं जुनं दगडी मंदिर आणि गंधकाचा वास असलेलं गरम पाणी. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेली माणसं वाट वाकडी करून इथे येतात. रामाने बाण मारून शरभंग ऋषींसाठी हे पाणी काढलं आणि ऋषींचा त्वचारोग गेला, ही कथा आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. माझी त्या जागेवर श्रद्धा आहे. म्हणूनच ते पाणी काय करू शकतं आणि काय नाही, हे नीट सांगावंसं वाटतं.

आधी पाणी गरम का, ते. जमिनीत गंधक पेटलेला असतो म्हणून पाणी तापतं, असं पुष्कळजण सांगतात. तसं नाही. जमिनीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते, साधारण दर किलोमीटरला 25 ते 30 अंश. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल उतरलं, तिथे तापलं आणि एखाद्या भेगेतून झपाट्याने वर आलं की गरम झरा होतो. आपल्या दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच थंड झालाय, त्याचा या उष्णतेशी संबंध नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. खोल, हवा नसलेल्या जागी जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून तो तयार करतात.

मग हा गंधक त्वचेला काही करतो का? करतो. गंधक त्वचेवरचा मृत थर सैल करतो, बुरशीला आणि खरजेच्या किड्याला मारक असतो. खरजेसाठी 5 ते 10 टक्के गंधकाचं मलम डॉक्टर आजही देतात, तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांनाही. पण झऱ्याच्या पाण्यात विरघळलेला गंधक मलमाच्या मानाने फारच थोडा. खनिज पाण्यात एखादी गोष्ट किती कमी असू शकते याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. जर्मनीत ड्युर्कहाइम नावाचं स्नानाचं गाव आहे. तिथल्या पाण्यात बुन्सेन आणि किर्खहोफ या शास्त्रज्ञांना 1860 साली एक नवं मूलद्रव्य सापडलं, सीझियम. ते वेगळं काढण्यासाठी बुन्सेनने त्या झऱ्याचं सुमारे 44,000 लिटर पाणी आटवलं. हाती आलं सीझियमचं सात-साडेसात ग्रॅम क्षार. विज्ञानाला त्या सात ग्रॅमने मोठी देणगी दिली. आंघोळ करणाऱ्याच्या अंगाला त्यातलं काय लागलं असेल, ते तुम्हीच ताडा.

तरीही शेकडो वर्षं माणसं अशा पाण्यातून बरी होऊन घरी गेली, हे खोटं नाही. यातली सगळ्यांत चांगली नोंदलेली हकीकत इंग्लंडमधल्या बाथ गावची आहे. रोमन लोकांनी तिथे देऊळ आणि स्नानगृहं बांधली. झऱ्याचं पाणी सुमारे 46 अंश गरम आणि दिवसाला अकरा लाख लिटरहून जास्त. अठराव्या शतकात तिथे गरिबांसाठी इस्पितळ निघालं, 1742 मध्ये रुग्ण घ्यायला सुरुवात झाली. देशभरातून शिफारशीने रुग्ण येत आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या जात. त्यांत हातपाय लुळे पडलेले पुष्कळ असत. रंगारी, नळकाम करणारे, कुंभार आणि डेव्हन भागातले सफरचंदाची दारू पिणारे. त्यांना शिशाची विषबाधा झालेली होती. डेव्हनच्या दारूत शिसं उतरतं, हे जॉर्ज बेकर या डॉक्टरने 1767 मध्ये दाखवून दिलं. यातले बहुतेक रुग्ण कुंडात महिनोन्‌महिने स्नान करून सुधारले.

का सुधारले, याचं उत्तर विसाव्या शतकात मिळालं. गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. हृदयाचे कप्पे ताणले जातात, शरीराला वाटतं की आत द्रव जास्त झालाय, आणि मूत्रपिंडं भराभर लघवी तयार करू लागतात. त्या लघवीवाटे शिसंही जास्त बाहेर पडतं. त्यात भर म्हणजे इस्पितळात असेपर्यंत रंगाचं काम बंद, ती दारू बंद, पोटभर जेवण आणि विश्रांती. म्हणजे गुण होता तो पाण्यात बसून राहण्याचा, विषापासून लांब राहण्याचा आणि वेळ देण्याचा. पाण्याच्या दाबाचा हा परिणाम कोणत्याही पाण्यात होतो, त्यासाठी पाणी बाथचंच पाहिजे असं नाही.

सोरायसिस हा वेगळा आजार आहे, त्यात शिसं नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा बिघडते आणि एरवी महिनाभराने गळणारी त्वचा काही दिवसांतच तयार होऊन थरांवर थर चढतात. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसलं की हे थर भिजून सुटतात, खाज आणि ताण कमी होतो, सांधे धरले असतील तर ते मोकळे वाटतात. आणि त्याच वेळी लावलेलं मलम खोलवर जातं. उनकेश्वरच्या पाण्याचा तुमच्या वडिलांना होणारा खरा उपयोग हाच. मृत समुद्राच्या काठी सोरायसिसचे रुग्ण जगभरातून जातात, तिथेही खाऱ्या पाण्याइतकंच, किंबहुना जास्तच, श्रेय उन्हाचं आहे. ती जागा समुद्रसपाटीच्या 400 मीटरहून खाली आहे, त्यामुळे त्वचा भाजणारे किरण हवेच्या जाड थरात बरेचसे गाळले जातात. किनवटला तसं नाही. बेताचं ऊन मिळू द्या, पण उघड्या अंगाने दुपारभर बसवू नका.

आता मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते. मराठवाड्यात आंघोळीला बादलीभर पाणी मिळणं हेच कित्येक घरांत उन्हाळ्यात मुश्कील असतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते वर्ष आपण विसरलेलो नाही. अशा वर्षी दुकानात खरजेची औषधं हमखास जास्त जातात. पाणी कमी पडलं की अंग, कपडे, अंथरूण धुतलं जात नाही आणि खरूज, नायटा, पुटकुळ्या घरभर फिरतात. जिथे बारा महिने गरम पाणी आपोआप वाहतं, तिथे माणूस रोज स्वच्छ होतो आणि यातलं पुष्कळ तिथेच आटोक्यात येतं. कुंडांची कीर्ती यातूनही वाढली, असं माझं मत आहे. आपल्याकडच्या राज्यकर्त्यांनाही पाण्याची किंमत कळत होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर बांधून जमिनीखालून पाणी शहरात आणलं. दौलताबादच्या किल्ल्यातला हमाम आजही पाहता येतो. तुळजापूरला कल्लोळ आणि गोमुख तीर्थावर स्नान करून मग देवीचं दर्शन घेतात. पण हमाम सगळ्यांसाठी नव्हता आणि तीर्थावर रोज जाता येत नाही.

लिव्हरपूलच्या किटी विल्किन्सन या गरीब बाईने हे सगळ्यांसाठी केलं. 1832 मध्ये पटकीची साथ आली तेव्हा वस्तीत पाणी तापवण्याचं तांब्याचं भांडं फक्त तिच्याकडे होतं. तिने ते शेजाऱ्यांना उघडं केलं, आजाऱ्यांचे कपडे तिथे उकळून धुतले. त्यातून 1842 मध्ये तिथे सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईघर उघडलं आणि 1846 मध्ये इंग्लंडात त्यासाठी कायदा झाला. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असं एक स्वच्छ, गरम पाण्याचं स्नानगृह असावं, असं मला मनापासून वाटतं. त्यातून त्वचेचं जेवढं भलं होईल, तेवढं आमच्या दुकानातल्या निम्म्या मलमांनी होत नाही.

मलमांवरून आठवलं. नायट्यावर लोक दुकानातून स्वतःच स्टिरॉइड मिसळलेलं मलम घेतात. दोन दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो. वडिलांचं निदान त्वचारोगतज्ज्ञाने केलेलं आहे ना, हे आधी पाहा. सोरायसिससाठी पोटातून स्टिरॉइड चालू असेल आणि एकदम बंद केलं, तर आजार सगळ्या अंगावर उसळून येऊ शकतो, प्रसंगी दवाखान्यात दाखल करावं लागतं. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. मुक्कामाला गेल्यावर दिवसांचा घोळ होऊन ती रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि पाकिटावर पेनने लिहून ठेवा.

कुंडावर काय सांभाळायचं तेही सांगते. अंग घासायला वज्री किंवा दगड अजिबात वापरू देऊ नका, कारण सोरायसिसमध्ये जिथे ओरखडा पडतो तिथे नवा चट्टा उठतो. पाणी फार कढत असेल तर घटकाभर निवू द्या, कढत पाण्याने त्वचा आणखी कोरडी पडते. बाहेर आल्यावर अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन, खोबरेल तेल किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. नंतर तासाभराने लावलं तर निम्मा फायदा गेला. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उठू देऊ नका, चक्कर येते. नाकात पाणी जाऊ देऊ नका. गरम, साचलेल्या पाण्यात एक अमिबा क्वचित असतो आणि तो नाकातून मेंदूत जातो. बाथमध्ये 1978 साली पोहायला गेलेली एक मुलगी अशी गेली आणि तिथलं जुनं स्नान बंद करावं लागलं.

वडिलांना मधुमेह असेल तर पाय पाण्यात टाकण्याआधी तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी पाहा. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो. हीच गोष्ट कुष्ठरोगाच्या रुग्णांची. तुमच्यासोबत कुणी अंगावर फिकट, सुन्न डाग असलेला माणूस येत असेल, तर त्याला कुंडावर नेण्याआधी सरकारी दवाखान्यात न्या. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने 1873 मध्ये शोधला आणि आज सहा महिने किंवा वर्षभराच्या मोफत गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. औषधाविना नुसत्या स्नानात घालवलेल्या महिन्यांत मात्र बोटं वाकडी होतात, ती पुढे सरळ होत नाहीत.

आणखी एक. सोरायसिस संसर्गाने पसरत नाही, एकाच पाण्यात आंघोळ केली तरी नाही. तरी कुंडावर कुणीतरी वडिलांकडे पाहून बाजूला सरकेल, कुणी तोंडावर बोलेलही. त्या वेळी तुम्ही शेजारी उभं राहा आणि समोरच्याला शांतपणे हेच सांगा. इतकी वर्षं पूर्ण बाह्यांचा सदरा घालून फिरलेल्या माणसाला चारचौघांत उघड्या अंगाने बसता येणं ही साधी गोष्ट नाही.

थंडीत न्या, सोरायसिस तेव्हाच जास्त त्रास देतो. महाशिवरात्रीची गर्दी टाळा. निघण्याआधी डॉक्टरांना भेटून महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या सोबत घ्या, प्रत्येक वेळी किनवटला मिळतीलच असं नाही.