नागपूरकडे थंडी किती पडणार, हे निसर्गाच्या खुणांवरून खरंच कळतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमची आजी बोरीला लागलेली बोरं पाहून "यंदा हिव कडक" असं सांगते, आणि त्यात तथ्य किती हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. माझं गाव काटोल तालुक्यात आहे, नोकरी नागपुरात. बाबा अजून वावर बघतात. संत्रा, तूर, हरभरा. या खुणा ऐकतच मोठा झालो. माझं मत असं की आज रात्रीची, फार तर दोन दिवसांची थंडी सांगणाऱ्या खुणा पक्क्या असतात. अख्ख्या हिवाळ्याचं भाकीत करणाऱ्या खुणांवर मी विसंबत नाही.

सगळ्यात भरवशाची खूण धुराची. दिवेलागणीला गावात चुली पेटतात. एरवी धूर वर जाऊन विरतो. पण काही संध्याकाळी तो कवेलूंच्या थोडा वर जातो, तिथंच अडतो आणि सायीसारखा गावभर पसरून राहतो. बाबा म्हणतात, "धूर बसला, आज गारठा धरते." आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन दिवसभराची ऊब भराभर वर सोडते. मग जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि धुराला वर चढता येत नाही. ढग असले तर ते पांघरुणासारखी ऊब धरून ठेवतात, म्हणून ढगाळ रात्र उबदार जाते.

२८ डिसेंबर २०१८ ची संध्याकाळ मला चांगली आठवते. सुटीत गावी होतो. धूर इतका खाली आला होता की गोठ्यात डोळे चुरचुरत होते. पंपाची लाईन (वीज) रात्रीचीच होती, तेव्हा बाबांनी संत्र्याच्या नव्या कलमांना हलकं पाणी दिलं आणि पहाटे पेटवायला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काडीकचरा रचून ठेवला. दुसऱ्या दिवशी नागपूरचं किमान तापमान ३.५ अंश नोंदलं गेलं. त्याआधीचा नीचांक १९३७ च्या जानेवारीतला, ३.९ अंशांचा. आमची कलमं वाचली.

दुसरी खूण वाऱ्याची. दोन-तीन दिवस ढगाळ, कोंदट गेले आणि मग आभाळ मोकळं होऊन उत्तरेचा वारा सुटला की स्वेटर बाहेर काढायचे. उत्तरेत हिमालयाकडे बर्फ पाडून गेलेल्या पश्चिमी विक्षोभामागून (पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी हवेच्या पट्ट्यामागून) हा कोरडा, गार वारा आपल्याकडे उतरतो. उलट चंद्राला खळं पडलं तर उंचावर बर्फकणांचे पातळ ढग आलेले असतात. अशा वेळी बरेचदा ढग वाढतात, रात्रीची थंडी कमी होते आणि शेतकऱ्याला हरभऱ्यावरच्या घाटे अळीची काळजी लागते.

हरभऱ्याचीच आणखी एक गंमत. थंडी आणि दव चांगलं असलं की पहाटे पानांवर आंब, म्हणजे पानांचा आंबट रस, धरते. माझी आजी सुती फडकं झाडांवरून अलगद फिरवायची आणि ते पिळून आंब बाटलीत भरायची. पोट दुखलं की चमचाभर. फडकं लवकर ओलं झालं म्हणजे रात्र स्वच्छ आणि शांत गेली. ही मात्र झालेल्या रात्रीची साक्ष आहे.

बोरांचंही तसंच. बोरीला फुलोरा पावसाळा सरता सरता येतो, त्यामुळे बोरं किती लागली यावरून मागचा पाऊस कसा गेला ते थोडंफार कळेल, पुढच्या थंडीचं नाही. शेपटी हलवत अंगणात उतरणारा धोबी पक्षी हिवाळा आला हे सांगतो, तो किती कडक ते नाही. त्याचं येणं मुख्यतः दिवस लहान होण्याशी बांधलेलं असतं. तुमच्या आजीला हे खोडून सांगू नका. बोरीला फुलोरा कधी आला, तेव्हा पाऊस कसा होता, हे तिला विचारा. तिची आठवण मोलाची आहे.

हवामान खात्याचा अंदाज आहेच, तो मी रोज बघतो. पण तो शहराचा किंवा जिल्ह्याचा असतो. आमचं नाल्याकाठचं वावर खोलगट आहे, गार हवा रात्री तिथं वाहत येऊन साचते आणि वरच्या वावरापेक्षा तिथं थंडी जास्त लागते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी मी फोनवर अंदाज वाचून दाखवतो, बाबा धूर कुठवर आलाय ते सांगतात, आणि खालच्या कलमांना पाणी द्यायचं की नाही ते दोन्हीवरून ठरतं.