सासूबाई म्हणतात, 'समजून घे'

प्रिय ताई,

तुम्ही लिहिता, काश्मीरमधल्या पोस्टिंगनंतर मिस्टर हवालदार म्हणून रिटायर झाले, आता कांदिवलीत बँकेचे गनमन आहेत. रात्री दचकून उठतात, घामाघूम होतात. आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी हात उचलतात. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन येतो, 'देशासाठी लढून आलाय गं, समजून घे.'

दचकून उठणं मी समजू शकते, त्यावर उपचार आहेत. पण तुम्हीच लिहिलंय, मॅनेजर गिऱ्हाइकांदेखत झापतो तेव्हा हेच गृहस्थ खाली मान घालून 'जी साहेब' म्हणतात. म्हणजे हात आवरता येतो, फक्त घरी आवरत नाहीत. सासरेही फौजीच होते ना? मग सासूबाईंनी काय काय 'समजून घेतलं' असेल, देव जाणे.

हे तुमच्याच घरचं नाही. आफ्रिकेतल्या लायबेरियातलं यादवी युद्ध २००३ मध्ये थांबलं, बंदुका जमा झाल्या, बायकांवरचे अत्याचार चालूच राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत २००७ मध्ये आपल्याकडून निव्वळ महिला पोलिसांची तुकडी तिकडे गेली, ती २०१६ पर्यंत होती. युद्ध संपलं म्हणून बायकांची सुटका झाली, असं तिथेही कुणी धरून चाललं नाही.

कपाटावरच्या डबल बॅरल बंदुकीचं तुम्ही ता. क. मध्ये लिहिलंत. मला तीच पहिली काळजी. ती स्वतः लपवू नका, भांडणात तिचं नावही काढू नका. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरी मार खाणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र आहे, पालिकेच्या इतरही काही रुग्णालयांत आहे. पोलिसांत न जाताही तिथे समुपदेशन मिळतं. केसपेपर काढा, 'पाय घसरला' न म्हणता कुणी मारलं ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे तशी नोंद होईल. बंदुकीचंही तिथल्या ताईंच्या कानावर घाला; परवाना पोलिसांना निलंबित करता येतो, पण ते कधी आणि कसं करायचं हे त्यांच्याशी बोलून ठरवा. रात्री-अपरात्री ११२ लावा.

खोली त्यांच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार तुम्हाला परस्पर बाहेर काढता येत नाही. उलट मॅजिस्ट्रेट त्यांनाच बाहेर राहायला सांगू शकतात.

त्यांच्या झोपेसाठी ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक आहे, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. कार्ड त्यांचं, जायचं त्यांनी. ते बरे होईपर्यंत तुम्ही मुलांना घेऊन माहेरी राहिलात, तरी त्यांच्या औषधपाण्यात काही खंड पडत नाही.